कुलवृत्तांत आणि त्याचे साक्षीदार

श्राद्धाच्या दिवशीं आपल्याकडे बाप, आजा आणि पणजा अशा तीन पिढ्यांचीं नांवें उच्चारण्याची रीति आहे. सामान्य कुटुंबाची स्मृतिही बहुधा तेथपर्यंतच पोंचते. खापरपणज्याचें नांव काय, तो मूळचा कोणत्या गांवचा, त्यानें तो गांव कां सोडला, असें विचारलें म्हणजे घरांतील वडील माणसेंही एकमेकांकडे पाहूं लागतात. मग ज्याला पुढें जाण्याची हौस आहे तो विचारतो, कीं आमच्या कुळाचा इतिहास कोणी आधींच जुळवून ठेवला आहे काय? हा प्रश्न अगदीं रास्त आहे. गांवांत विहीर असतां प्रत्येकानें नवी खणावी असें कोणी म्हणणार नाहीं; मात्र पाणी भरतांना तें गाळून घ्यावें, इतकेंच.

अशा तयार वंशावळी आणि घराण्यांचे वृत्तांत मराठी मुलखांत कोठें सांपडतात आणि त्यांवर किती विसंबावें, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे. एक गोष्ट आरंभींच ध्यानांत धरली पाहिजे. आपल्याकडे वंशावळ निष्कारण कोणी लिहिली नाहीं. कोणी वतन राखण्यासाठीं लिहिली, कोणी यजमान राखण्यासाठीं, कोणी राजकुलाचें वैभव वर्णन करण्यासाठीं, तर कोणी विखुरलेल्या भाऊबंदांस एकत्र आणण्यासाठीं. वंशावळ ही एक साक्ष आहे. साक्षीदाराला आपण जसें विचारतों, कीं बाबा, तूं कोणापुढें, कशासाठीं आणि कशाच्या आधारावर बोलत आहेस, तसेंच तिलाही विचारावें लागतें. हा प्रश्न विचारल्यानें दुहेरी लाभ होतो. वंशावळ कोणत्या दप्तरांत सांपडेल हें कळतें, आणि ती हातीं आल्यावर तिच्यांतील कोणत्या भागावर भरंवसा ठेवावा हेंही कळतें.

प्रथम छापील कुलवृत्तांत घेऊं, कारण शोधकाला सर्वांत सुलभ असें साधन तेंच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत एकेका आडनांवाचा समग्र वृत्तांत छापण्याचा प्रघात महाराष्ट्रांत पडला. चित्पावन कुळांत तो विशेष रुजला; आपटे, गोखले, कर्वे, लिमये इत्यादि कुळांचे वृत्तांत त्यांतूनच निघाले. ते तयार करण्याची पद्धति सामान्यतः एकच असे. कुलमंडळ स्थापन व्हावें, वर्गणी जमावी, माहीत असलेल्या सर्व घरांस प्रश्नपत्रिका धाडाव्या, आलेलीं उत्तरें मूळ गांवांच्या अनुरोधानें निरनिराळ्या घराण्यांत लावावीं, आणि प्रत्येक पुरुषापुढें जन्म, शिक्षण, व्यवसाय, विवाह, स्थलांतर यांविषयीं दोन-चार ओळी द्याव्या. पुष्कळ कुलवृत्तांतांत पत्नीचें माहेर आणि मुलींचें सासर यांचीही नोंद असते, आणि तीच पुष्कळदां दुसऱ्या एखाद्या कुळाचा शोध लावणाऱ्याला उपयोगी पडते. या ग्रंथांचें मोल केवळ भाऊबंदांपुरतें नाहीं. कोंकण सोडून देशावर कोण आला, बडोद्याला किंवा नागपुराकडे कोण गेला, इंग्रजी शिक्षण कोणत्या पिढींत शिरलें, हें सारें त्यांत ओळीनें मांडलेलें असतें. शिकागो विद्यापीठाशीं संबद्ध असलेल्या विदुषी मॉरीन पॅटर्सन यांनीं १९६८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत चित्पावन कुलवृत्तांतांची चिकित्सा सामाजिक इतिहासाचें साधन म्हणून केली, ती याच कारणानें.

परंतु या ग्रंथांची मर्यादाही त्यांच्या पद्धतींतच आहे. ज्यानें प्रश्नपत्रिकेला उत्तर पाठविलें त्याची शाखा भरघोस दिसते. ज्यानें पाठविलें नाहीं त्याची शाखा एका नांवावर खुंटते, आणि वाचकाला वाटतें कीं तो पुरुष निपुत्रिक गेला. वस्तुतः तो फक्त पत्रोत्तराच्या बाबतींत आळशी असेल! शिवाय उत्तर देणाऱ्याच्या आजापर्यंतची माहिती त्याच्या स्वतःच्या घरची असते. त्यापलीकडची माहिती ऐकीव असण्याचा संभव फार. प्रामाणिक संपादक जीं घराणीं एकमेकांशीं जोडतां येत नाहींत, तीं घराणें पहिलें, घराणें दुसरें अशा क्रमानें वेगळींच ठेवतात. वाचकानें तीं आपल्या हौसेखातर जोडूं नयेत. तसेंच ग्रंथ चाळतांना शेवटचीं पानें वगळूं नयेत. पुरवणी आणि शुद्धिपत्र यांत कित्येकदां मुख्य वंशवृक्ष दुरुस्त केलेला असतो. आणि दुसरी आवृत्ति असल्यास दोन्ही आवृत्त्या शेजारीं ठेवून वाचाव्या. हे ग्रंथ थोड्या प्रती काढून भाऊबंदांत वांटलेले असल्यामुळें दुकानांत क्वचित् मिळतात. जुनीं नगरवाचनालयें, १८९८ मध्यें स्थापन झालेलें मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, आणि पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ, अशा ठिकाणीं त्यांचा प्रथम तपास करावा.

आतां वतनाकडे वळूं. छापखाने येण्यापूर्वीं वंशावळ लिहिण्याचें सर्वांत मोठें कारण वतन हेंच होतें. देशमुखी, पाटिलकी किंवा कुळकर्ण यांबद्दल तंटा लागला म्हणजे गोतसभा बसे. वादी आणि प्रतिवादी आपापल्या पूर्वजांपासूनची हकीकत सांगत. त्या हकीकतीस करीना म्हणत, आणि निर्णय झाल्यावर त्याचा महजर होई. महजरावर गांवच्या मंडळींच्या साक्षी आणि निशाण्या असत. पाटलाचा नांगर तर सर्वांच्या परिचयाचा आहे. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. महजर जरी एका वतनदाराच्या तंट्याचा असला, तरी साक्षीदार म्हणून त्यांत गांवच्या बलुतेदारांचींही नांवें येतात. आपल्या घरीं वतनाचा कागद नाहीं म्हणून निराश होणाऱ्या मनुष्यास आपला पूर्वज दुसऱ्याच्या महजरांत साक्षीला बसलेला आढळूं शकतो.

करीना हा एका पक्षानें सांगितलेला वृत्तांत असतो, हें मात्र विसरतां कामा नये. त्यांत आपला मूळपुरुष नेहमींच न्यायी असतो आणि भांडणारा भाऊबंद नेहमींच घुसखोर ठरतो. वतन कोणी मिळविलें याबद्दलचा त्यांतील मजकूर तपासून घ्यावा. परंतु ओघांत आलेल्या गोष्टी, म्हणजे एखाद्या दुष्काळाचा उल्लेख, एखादी स्वारी, एखादें लग्न, यांविषयीं खोटें बोलण्यांत सांगणाऱ्याला कांहीं लाभ नसतो. तेथें त्याची साक्ष अधिक मोलाची.

घरगुती दप्तराचें मोल किती, याचें मोठें उदाहरण कारीच्या जेधे घराण्याचें आहे. हे रोहिडखोऱ्याचे देशमुख. कान्होजी जेधे शिवछत्रपतींच्या आरंभींच्या सहकाऱ्यांपैकीं होते. या घराण्यांत एक करीना आणि एक शकावली जपून ठेवलेली होती. शकावलींत शके १५४० ते १६१९, म्हणजे इ. स. १६१८ ते १६९७ पर्यंतच्या घडामोडींच्या तुटक नोंदी आहेत. लोकमान्य टिळकांच्या हातीं ती आली आणि १९१६ मध्यें प्रसिद्ध झाली. तोंपर्यंत बखरींच्या आधारानें महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखांत धरला जात असे. जेधे शकावलींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथि निघाली. पुढें तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयांतून कवींद्र परमानंदाचें शिवभारत हें संस्कृत काव्य उजेडांत आलें, आणि त्यांतील तिथि शकावलीशीं जुळली. आज १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनमान्य झाली आहे तिचा पाया हाच आहे. एका देशमुखाच्या घरांतील कागदानें राष्ट्रपुरुषाची जन्मतिथि बदलली. परंतु ती सर्वमान्य होण्यास दुसऱ्या, स्वतंत्र साक्षीदाराची जोड मिळावी लागली. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यानें या प्रकरणापासून घेण्याजोगा धडा हाच, कीं एकट्या कागदावर थांबूं नये. त्याच्याशीं संबंध नसलेला दुसरा कागद शोधावा.

इंग्रजी अमलांत वतनांची आणि इनामांची चौकशी सुरू झाली, तेव्हां वंशावळींना नवें महत्त्व आलें. दक्षिण मराठा मुलखांत ही चौकशी १८४३ च्या सुमारास आरंभिली गेली, आणि १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनला कायद्याचें अधिष्ठान मिळालें. इनामदारानें मूळ सनद कोणाला मिळाली आणि तिच्यापासून आपण कितवे, हें दाखवावें लागे. जमीन जाण्याची भीति समोर असल्यामुळें लोकांनीं पेट्यांच्या तळाशीं पडलेले कागद बाहेर काढले आणि कैफियती व वंशावळी लिहून सरकारांत दिल्या. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील रुमालांत, विशेषतः जमाव नांवाच्या विभागांत, अशा जमा झालेल्या खासगी कागदांचा मोठा भरणा आहे. हें दप्तर आज पुणे पुरालेखागाराच्या ताब्यांत असून राज्य पुराभिलेख खात्याचीं कार्यालयें मुंबई, कोल्हापूर आणि नागपूर येथेंही आहेत. इनाम चौकशींतील वंशावळींचा विशेष असा, कीं हक्क सांगणाऱ्याची शाखा त्यांत रेखीव असते, पण ज्या भाऊबंदांचा इनामावर हक्क नव्हता ते मुळींच गाळलेले असतात. तेव्हां असा कागद पाहून ‘आमच्या पणज्याला भाऊ नव्हता’ असें अनुमान काढणें धोक्याचें आहे.

या अफाट सामग्रींतून निवड करून छापण्याचें काम ज्यांनीं केलें त्यांचे ऋण शोधकावर मोठें आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें मिळविलीं. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्यें निघाला आणि एकूण बावीस खंड झाले. भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० सालची. वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतून ऐतिहासिक लेखसंग्रह सिद्ध केला आणि इचलकरंजी संस्थानचा इतिहासही लिहिला. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या अवधींत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग संपादिले, आणि १९५७ मध्यें ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळींचा त्यांचा संग्रह मुंबई सरकारनें प्रसिद्ध केला. सरदारघराण्याशीं संबंध असणाऱ्यानें प्रथम हा संग्रह उघडावा. इतरांनींही साधनांच्या खंडांतील सूची पाहण्याचा कंटाळा करूं नये. आडनांवापेक्षां गांवाचें नांव सूचींत शोधल्यास कार्य अधिक लवकर साधतें.

तिसरा साक्षीदार तीर्थक्षेत्रांत बसलेला आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया या क्षेत्रीं यात्रेकरू गेला म्हणजे त्याच्या कुळाचा तीर्थोपाध्याय आपली वही पुढें करतो. तींत यात्रेकरूनें आपलें, बापाचें, आजाचें, भावांचें आणि मुलांचें नांव, गांव व तिथि लिहावयाची किंवा लिहवून त्याखालीं सही करावयाची. या वह्यांचें बळ असें, कीं प्रत्येक नोंद त्या त्या वेळीं, जिवंत माणसानें स्वतःच्या घराविषयीं दिलेली असते. पन्नास वर्षांच्या अंतरानें झालेल्या दोन यात्रांच्या नोंदी एकमेकींची परीक्षा करतात. वही कोणत्या उपाध्यायाकडे हें ठरविण्यास आडनांव, जाति आणि विशेषतः मूळ गांव सांगावा लागतो. म्हणून क्षेत्राला जाण्यापूर्वीं मूळ गांवाचा शोध पुरा करावा. जीर्ण झालेली वही उतरून काढतांना लेखकानें एखादी पिढी गाळलेली असूं शकते. यास्तव नक्कल दाखविली तर मूळ वही आहे काय, हें नम्रपणें विचारावें. हरिद्वारसारख्या क्षेत्रांतील अशा बह्यांचीं सूक्ष्मचित्रें अमेरिकेंतील यूटा येथील वंशावळी-संस्थेनें घेतलीं आहेत, यावरून जगाला त्यांचें मोल केवढें वाटतें हें कळून येईल.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर या बाजूस आणि कर्नाटकांत हेळवी नांवाची जमात परंपरेनें हेंच काम फिरतीवर करीत आली आहे. हेळवी बैलावर बसून दारीं येई, कुळाच्या पिढ्या म्हणून दाखवी, नवीं जन्मलेलीं नांवें आपल्या संग्रहांत घाली आणि धान्य किंवा बिदागी घेऊन पुढें जाई. तीर्थोपाध्यायाकडे यजमानाला जावें लागतें. हेळवी यजमानाकडे येतो. त्यामुळें ज्यांच्या घरीं काशीयात्रा कधीं घडली नाहीं अशा शेतकरी कुळांच्या पिढ्या त्याच्यापाशीं सांपडतात. मात्र बिदागी देणाऱ्याला ऐकावेंसें वाटेल तें मूळपुरुषाच्या कथेंत मिसळण्याचा संभव येथें अधिक. जवळच्या सात-आठ पिढ्या आणि दूरची पुराणकथा यांचा सांधा कोठें आहे, तो श्रोत्यानें ओळखावा.

हा सांधा ओळखण्याची कला शिकावयाची असेल, तर मराठी मुलखापासून दूर, पण मराठी भाषेंतच कोरलेला एक कुलवृत्तांत पाहावा. तंजावरला राजराज चोळानें बांधलेल्या बृहदीश्वराच्या मंदिराच्या प्राकारांत भोसलेवंशचरित्र नांवाचा एक प्रचंड मराठी शिलालेख आहे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या आज्ञेनें १८०३ मध्यें तो कोरला गेला. भोसल्यांच्या मूळपीठिकेपासून शहाजीराजे, व्यंकोजीराजे आणि पुढील तंजावरकर राजे यांची हकीकत त्यांत आहे. आतां हा वृत्तांत कोणत्या प्रसंगीं कोरला, तें पाहूं. सरफोजी हे तुळजाजीराजांनीं १७८७ मध्यें दत्तक घेतलेले; त्यांच्या हक्काविषयीं अमरसिंगाशीं मोठा वाद झाला होता. १७९९ च्या तहानें राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. राज्य हातचें गेलेलें, दत्तकविधानावर वाद होऊन गेलेला, अशा वेळीं सुमारें चार वर्षांत राजानें आपल्या वंशाचा इतिहास मंदिराच्या दगडावर कोरविला. हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या लेखाचा सूर समजतो. त्यांतील दूरच्या काळाचा भाग आख्यायिकांनीं भरलेला आहे, आणि तंजावरच्या जवळच्या पिढ्यांविषयींचा भाग इतिहासाला अधिक जवळ आहे. दगडावर कोरलेलें म्हणून तें अढळ सत्य होत नाहीं, आणि हेतूनें कोरलेलें म्हणून टाकाऊही ठरत नाहीं.

गोमंतकाची व्यवस्था निराळी आहे. तेथील गांवकाऱ्यांत मूळ गांवकऱ्यांच्या पुरुषवंशजांस गांवच्या उत्पन्नांतून वाटा मिळे. त्यामुळें कोण कोणाचा पुत्र, हें नोंदवून ठेवणें गांवाच्या हिताचेंच होतें. पोर्तुगीज सरकारनें १५२६ मध्यें फोराल नांवाच्या सनदेनें या रूढी लेखी नमूद केल्या. धर्मांतरित कुटुंबांसाठीं चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्या आहेत. गोव्याचें पुराभिलेखागार १५९५ सालीं स्थापन झालें आणि इतिहासकार दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला अधिकारी होता. धर्मांतरानंतर आडनांव बदलल्यामुळें एकाच मूळ कुळाच्या दोन शाखा, एक देवळांत जाणारी आणि एक चर्चमध्यें जाणारी, आज परक्या झालेल्या दिसतात. त्यांना जोडणारा दुवा बहुधा गांवकारीच्या दप्तरांतच सांपडावयाचा.

साक्षीदार मिळाले, आतां त्यांची उलटतपासणी कशी करावी? पहिली कसोटी कालगणनेची. जुन्या कागदांत शक, फसली, सुहूर सन आणि राज्याभिषेक शक असे निरनिराळे सन येतात. शकांत ७८ किंवा ७९, दक्षिणी फसलींत ५९० किंवा ५९१, सुहूर सनांत ५९९ किंवा ६००, आणि राज्याभिषेक शकांत १६७३ किंवा १६७४ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. सुहूर सन तर आंकड्यांत न लिहितां अरबी शब्दांनीं लिहीत. ‘इसन्ने सलासीन मया व अलफ’ म्हणजे दोन, तीस, शंभर आणि हजार. एकूण ११३२, अर्थात् इ. स. १७३१-३२. छापील वंशावळींत एखादा पुत्र बापाच्या आधीं जन्मलेला दिसला, तर घराण्याला दोष देण्यापूर्वीं कोणी फसलीला सुहूर समजलें नाहीं ना, हें पाहावें. सामान्यतः एका पिढीला पंचवीस ते तीस वर्षें धरतात. चारशें वर्षांत आठच पिढ्या मांडलेल्या असतील, तर कांहीं पिढ्या गळाल्या आहेत असें समजावें.

दुसरी कसोटी नांवांची. आजाचें नांव नातवाला ठेवण्याच्या चालीमुळें महादेव नारायण, नारायण महादेव, पुन्हा महादेव नारायण अशी साखळी तयार होते, आणि नक्कल करणाऱ्याच्या हातून दोन कड्या एकच समजून गळून जातात. तिसरी कसोटी आडनांवाची. देशमुख, कुळकर्णी, पाटील, जोशी हीं नांवें वतनाचीं किंवा वृत्तीचीं आहेत. आडनांव एक म्हणून कूळ एक असें मुळींच नाहीं. इचलकरंजीच्या संस्थानाचा मूळपुरुष नारो महादेव हा जोशी घराण्यांतला ब्राह्मण. सेनापति संताजी घोरपडे यांच्या आश्रयानें तो वाढला आणि कृतज्ञतेनें त्यानें घोरपडे हेंच आडनांव धारण केलें. केवळ आडनांवावर विसंबणारा शोधक येथें दोन भिन्न जातींचीं घराणीं एका वृक्षाला टांगील. चौथी कसोटी दत्तकाची. बडोद्याचे सयाजीराव महाराज हे १८६३ मध्यें नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें या गांवीं गोपाळराव म्हणून जन्मले आणि १८७५ मध्यें दत्तक जाऊन गादीवर आले. त्यांचें घराणें सर्वश्रुत असल्यानें ही गोष्ट लपत नाहीं. सामान्य घरांत मात्र दत्तक पुत्र दोन वंशावळींत दोन नांवांनीं येतो किंवा जन्मघराण्याच्या वृक्षांतून निखळून पडतो.

श्रोतेहो, आतांपर्यंत जे साक्षीदार सांगितले त्यांनीं कोणाला वगळलें, हाही विचार केला पाहिजे. सर्वांत आधीं वगळल्या गेल्या त्या स्त्रिया. जुन्या वंशवृक्षांत बाप आणि मुलगा यांच्यामध्यें आई नसतेच. विवाहानंतर आडनांवाबरोबर पाळण्यांतील नांवही बदलण्याच्या रूढीमुळें एकच स्त्री माहेरच्या कागदांत एका नांवानें आणि सासरच्या कागदांत दुसऱ्या नांवानें येते. दोन्ही नांवें ठाऊक असलेली शेवटची व्यक्ति पुष्कळदां घरांतील आजी असते, आणि तिला कोणीं विचारलेलें नसतें. लेकावळ्यांच्या शाखाही अशाच वृक्षाबाहेर ठेवल्या गेल्या.

त्याचप्रमाणें ज्यांना इनाम नव्हतें, यात्रेला पैसा नव्हता किंवा देवळाचें दारच बंद होतें, त्यांचा कुलवृत्तांत कोणी लिहिला नाहीं. तरीही त्यांचा मागमूस लागत नाहीं असें नाहीं. महारकीच्या वतनाच्या नोंदवह्यांत हक्कदारांचीं नांवें आहेत. हें वतन १९५८ च्या मुंबई कायद्यानें नष्ट झालें, पण कागद राहिले. जुन्या कागदांत महार पुरुषांच्या नांवांपुढें ‘नाक’ हें पद येतें, आणि कोरेगांवच्या स्तंभावर कोरलेल्या नांवांतही तें दिसतें. हें ठाऊक असलेल्यास एरवीं परकी वाटणारी नांवें ओळखतां येतात. शाळेचा प्रवेशपट, कोतवाल बुकांतील जन्ममृत्यूच्या नोंदी, तलाठ्याकडील फेरफार, हेच येथें करीना आणि महजर. महाराष्ट्रांत जातीच्या दाखल्यासाठीं अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वींचा आणि इतर मागासवर्गांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा वास्तव्याचा पुरावा दाखवावा लागतो. २०२३ मध्यें शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमून कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हां गांवोगांवचीं जुनीं दप्तरें उघडलीं गेलीं आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. इनाम कमिशनच्या काळीं जमिनीसाठीं जें घडलें, तेंच आज शिक्षणाच्या आणि नोकरीच्या संधीसाठीं घडत आहे. वंशावळ पुन्हा एकदां एका हक्कासाठीं लिहिली जात आहे, आणि पुढच्या शोधकानें आपल्या काळच्या या वंशावळीही त्याच सावधपणानें वाचाव्या लागतील.

शेवटीं करावयाचें काय, तें थोडक्यांत सांगतों. आरंभ स्वतःपासून करून मागें जावें. मूळपुरुषापासून पुढें येऊं नये. पुढें येणाऱ्याला वाटेंत आपलें घर सांपडलें नाहीं, तर तें ओढून आणण्याचा मोह होतो. छापील कुलवृत्तांत मिळाल्यास त्यांतील प्रत्येक विधानाशेजारीं तें कशावरून लिहिलें याची टीप करावी, आणि आधार न मिळाल्यास तसें स्पष्ट लिहावें. रिकामी जागा ही वंशावळींतील लाज नाहीं. खोटें भरलेली जागा मात्र पुढच्या शंभर वर्षांची दिशाभूल करते. घरांत मोडी कागद असतील तर ते रद्दींत न घालतां त्यांचीं छायाचित्रें काढावीं आणि मूळ कागद एखाद्या संग्रहालयाच्या स्वाधीन करावे. शाळांतून मोडी उठून कित्येक दशकें लोटलीं. तरी तिचे वर्ग अजून चालतात, आणि थोड्या महिन्यांच्या अभ्यासानें आपल्याच पणज्याचें अक्षर वाचतां येऊं लागतें.

कागदांना वाळवीची घाई असते आणि वृद्धांना काळाची. दप्तरखान्यांतील रुमाल पुढच्या वर्षींही तेथेंच असतील. घरांतील आजी असेलच असें नाहीं. तेव्हां शोधास निघण्यापूर्वीं पहिली साक्ष तिची घ्यावी, तिचीं दोन्ही नांवें लिहून घ्यावीं, आणि खालीं त्या दिवसाची तारीख घालण्यास विसरूं नये.